सात वाजून वीस मिनिटांचा फोटो

२२ जून, रविवार

संयोगिताच्या आग्रहाखातर आज ग्रुपमध्ये एक नवी मुलगी घेतली. श्रद्धा मगदूम. माहेर जतकडचं, नवरा कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, सासू इथे सांगलीजवळ गावात राहते. लग्नाला दीड वर्ष झालंय. संयोगिता म्हणाली, "गुणे, कराडात तिच्या गल्लीत आपलं एकही घर नाही गं. दिवसभर एकटी असते पोर. घे की." संयोगिता माझी शाळेपासूनची मैत्रीण, गुणमालाची 'गुणे' तिनेच केली. मिरजेत असते, आणि ग्रुपची दुसरी ॲडमिन आहे. तिचं ऐकावं लागतं.

आमचा ग्रुप म्हणजे 'शुद्ध स्वयंपाकघर'. लॉकडाऊनमध्ये मी सुरू केला. आम्ही जैन बायका कांदा-लसूण-बटाटा खात नाही, सूर्य मावळल्यावर चूल पेटवत नाही. मग रोज नवं करायचं काय, हा घराघरातला प्रश्न. पहिल्या महिन्यात चाळीस जणी होतो, आज तीनशे शहाऐंशी. नियम अकरा, सगळे मीच लिहिलेले. एकतीस वर्षं शाळेत काढली, शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. नियमाशिवाय वर्ग म्हणजे बाजार, हे मला कोणी शिकवायला नको. प्रवेशालासुद्धा दोन जुन्या सभासदांची शिफारस लागते. श्रद्धाची एक संयोगिताने दिली, एक तिच्या सासूने. सासूबाई त्रिशलाक्का ग्रुपवर जुन्या आहेत. फार कडक बाई.

श्रद्धाला नियम पाठवले. उत्तर आलं, "वाचले काकू. अकराही पाठ करते. चुकले तर कान धरा." पुढे तीन हसरे चेहरे. नियम दोनप्रमाणे हसरा चेहरा एका वेळी एकच. पहिला दिवस म्हणून सोडून दिलं.

२९ जून, रविवार

श्रद्धाने पहिला फोटो टाकला. कशाचा? कण्यांचा! ज्वारीच्या कण्या, वर ताक. आमच्या आजीच्या काळी घरात दुसरं काही नसलं की कण्या शिजायच्या. त्याचा काय फोटो टाकायचा? खाली लिहिलं होतं, "पहिल्यांदा केल्या तर इतक्या घट्ट झाल्या की पळी उभी राहिली. नवरा म्हणाला, घराला प्लास्टर करायचं राहिलंच आहे. ह्या दुसऱ्या वेळच्या."

एकशे बारा बदाम पडले. (त्या लाल चिन्हाला इंग्रजीत काय म्हणतात ते म्हणोत, आम्ही बदामच म्हणतो.) काल मी केशर घालून केलेल्या श्रीखंडवडीला एकोणीस होते.

मी मोजत बसत नाही. आकडा खाली दिसतोच.

२० जुलै, रविवार

लसणाशिवाय शेंगोळे. हिंग आणि ओल्या मिरचीवर. श्रद्धा मगदूम. एकशे सत्तेचाळीस.

दुपारी जेवताना हे म्हणाले, "अगं, ते कराडच्या पोरीचे शेंगोळे एकदा करून बघ की." यांना कुठून कळलं? तर माझा मोबाईल उघडा पडला होता. मी भाजी वाढली. सदतीस वर्षं या माणसाला गरम पोळी वाढतेय, आणि बाहेरचं ताट बघून जिभेला पाणी सुटतं.

धन्यकुमार चौगुले हे नाव यांना शोभतं. दुसऱ्याचंच नशीब बघून धन्य होतात.

३ ऑगस्ट, रविवार

संयोगिताने मिरजेहून चिरोट्यांचा डबा पाठवला. तिच्या हातचे चिरोटे म्हणजे काय सांगावं, पदर सुटतात नुसते. मी आमच्या जुन्या पितळी ताटात मांडले, शेजारी मोगऱ्याची दोन फुलं ठेवली, आणि फोटो टाकला. "आजचा बेत."

आता नियम एक म्हणतो, फोटो स्वतः केलेल्या पदार्थाचाच हवा. पण 'मी केले' असं मी कुठे लिहिलंय? बेत माझाच होता. ताट माझं, फुलं माझी, मांडणी माझी. बदाम त्र्याहत्तर. त्यात एक संयोगिताचा.

श्रद्धाने लिहिलं, "काकू, हे पाहून मला माझे चिरोटे लपवावेसे वाटतायत." तिला बरं वाटावं म्हणून मी काही उत्तर दिलं नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

बायका ग्रुपवर मागे लागल्यात. "श्रद्धा, तुझा चेहरा तरी दाखव." "हात एवढा गोड, माणूस कसं असेल?" माझा चेहरा बघायची कोणाला हौस आली नाही कधी, पाच वर्षांत. मी नियम सात पुन्हा टाकला: ग्रुपवर व्यक्तिगत फोटो टाकायचा तर हातात पदार्थ हवा.  मग एकीने लिहिलं, "हातात ताट घेऊन टाक मग, झालं!" आणि पन्नास जणी हसल्या. माझ्याच नियमावर.

आमच्या मुलाने, आर्जवने, पुण्याहून मला नवा मोबाईल पाठवलाय. कॅमेरा चांगला आहे म्हणतो. म्हटलं, माझ्या वडीला बदाम पडायला कॅमेरा नाही, वशिला लागतो.

२३ ऑगस्ट, शनिवार

साध्वी माताजींचा चातुर्मास यंदा आमच्या मंदिरात आहे, हे माझं भाग्य. रोज सकाळी पाच-सहा घरं आहाराची तयारी करून दारात उभी राहतात. माताजी मनात काही ठरवून निघतात. ते जिथे दिसेल तिथे थांबतात, त्याच घरी दिवसातला एकमेव आहार घेतात. कुणाचं दार ते आधी कोणालाच माहीत नसतं. मी तीनदा उभी राहिले. तिन्ही वेळा माताजी पुढे गेल्या.

कोण कधी उभं राहणार याची यादी ग्रुपवर मीच करते. ५ सप्टेंबरला त्रिशलाक्कांनी नाव दिलंय. मंदिराशेजारच्या त्यांच्या पुतणीच्या घरी तयारी करणार. सोबत सूनबाई. श्रद्धाची ही पहिलीच वेळ. तिने मला वेगळा मेसेज केला, "काकू, तोवर झोप नाही लागणार. मंत्र पाठ करतेय. हात थरथर कापला तर?" मी कळवलं, सराव करावा.

आणि माताजी नेमक्या तिच्याच दारात थांबल्या तर? हा विचार मनात आला. नोंदवून ठेवते.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

काल दशलक्षण पर्व सुरू झालं. दहा दिवसांचे दहा धर्म. आज दुसरा, उत्तम मार्दव. म्हणजे नम्रपणा, मोठेपणा सोडणे. मंदिरात प्रवचन छान झालं. किती बायकांना त्याची गरज आहे ते त्यांचे चेहरे बघूनच कळत होतं.

संयोगिताने दहा उपवास धरलेत, नुसत्या पाण्यावर. मोबाईलही बंद करून कपाटात ठेवलाय. त्याआधी म्हणाली, "गुणे, दहा दिवस ग्रुप तुझ्या एकटीच्या हातात. जरा मऊ हाताने चालव." तिचे उपवास होतात, माझे दोनाच्या वर जात नाहीत, पित्त होतं. सगळ्या गावभर संयोगिताची वाहवा. चांगलं आहे.

३ सप्टेंबर, बुधवार

सापडलं.

सकाळी आठला श्रद्धाचा फोटो आला. चेहरा दाखवला एकदाचा. स्वतःच काढलेला, हातात ताट. "कालचं संध्याकाळचं ताट. आणि ही मी. आता हसा." दिसायला बरी आहे, नाही म्हणत नाही. पण पदर बघा, उजव्या खांद्यावर! आमच्यात कोण घेतं असा? लग्न होऊन आली की आजकालच्या मुली वाटेल ती फॅशन करतात. मागे भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यातलं एक अक्षर मला लागेना. कन्नड असावं. जतकडचं माहेर, तिथून आणलं असेल.

आणि कॅलेंडरच्या वर घड्याळ. आकडे नसलेलं, नुसत्या रेघांचं. मी बोटांनी मोठं करून बघितलं. दोनदा बघितलं. सात वाजून वीस मिनिटं. शिवाय ट्यूबलाईट चालू. सूर्य मावळतो पावणेसातला!

नियम चार: सूर्यास्तानंतर केलेला पदार्थ टाकू नये. आणि हे पर्वाच्या दिवसांत, आहाराच्या तीन दिवस आधी. मी तडक नियम उघडले. रागाने. (दुसरंही काही होतं, ते नंतर लिहीन.)

नियमाप्रमाणे आधी दोन ताकिदी द्यायच्या असतात. पण शाळेतही काही अपराधांना छडी थेटच असते. मी लिहिलं, "श्रद्धा मगदूम यांनी पर्वात सूर्यास्तानंतर स्वयंपाक केल्याचे त्यांच्याच फोटोतील घड्याळावरून स्पष्ट दिसते. नियम चारनुसार सदस्यत्व रद्द." आणि काढून टाकलं. मोबाईलवर ओळ उमटली: तुम्ही श्रद्धा यांना काढून टाकले.

 मग एकीने लिहिलं, "घड्याळ खरंच सात वीस दाखवतंय की." मग सगळ्या बघायला लागल्या. आज दुपारी मला गाढ झोप लागली. किती दिवसांनी.

४ सप्टेंबर, गुरुवार

श्रद्धाचे मला वेगळे तीन मेसेज आले. उघडले नाहीत. नियम दहा स्पष्ट आहे: खुलासा ॲडमिनला खाजगीत नव्हे, ग्रुपवरच करावा. ग्रुपवर ती आता नाही, हे खरं. पण नियम म्हणजे नियम.

दुपारी त्रिशलाक्कांचा फोन.

"आवं बाई, ते खरं हाय का?"

"फोटो तुमच्या सुनेचाच आहे, अक्का."

"ती म्हन्ती, पावनेपाचला जेवन झालं माझं. फोटू उलटा पडतोय म्हन्ती. आता फोटू कसा उलटा पडंल वो? पोरं काय बी सांगत्यात. म्या म्हटलं, चारशे बायका खोट्या आन् तू एकली खरी व्हय? त्या बाईनं गुरुपवर तसं लिवूं दे, मग बघू."

"मी काय लिहू? दिसतंय ते लिहिलं."

"मंग ऱ्हाऊ दे. उद्याचं नाव खोडा आमचं. तिच्या हातचं माताजींस्नी चालायचं न्हाई, आन् तिला घरात बसवून म्या कशी हुबी ऱ्हाऊ? लोकं इचारतील. तवर चुलीपाशी बी नगं म्हटलंय तिला." मग हळू आवाजात, "रडतीया सकाळधरनं. कराडासनं आलीया, खोलीत बसलीया."

ठेवला फोन. पोरं चूक कबूल करायच्या आधी नेहमीच रडतात. एकतीस वर्षांचा अनुभव आहे.

उद्याची एक जागा रिकामी झाली. ऐन वेळी कोणाला विचारायचं? मीच नाव घातलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

माताजी थांबल्या! माझ्या दारात!

तीनदा दारात उभी राहून वाट पाहिली या क्षणाची. मी हातात कलश घेऊन उभी होते, शेजारी हे. सहा दारांतून एकच आवाज, "वंदामि माताजी, अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ." माताजी तीन दारं ओलांडून आल्या आणि माझ्यासमोर थांबल्या. आत आल्या. मी म्हटलं, "मन शुद्ध, वचन शुद्ध, काय शुद्ध, आहार-जल शुद्ध आहे." एका दमात म्हटलं. हे म्हटल्याशिवाय कोणाच्या हातचा घास त्या घेत नाहीत. आवाज एवढा स्वच्छ निघाला की हेही बघत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माताजी गेल्यावर शेजारच्या बायका पाया पडल्या माझ्या.

मग वाटलं, ग्रुपवर टाकावं. माताजींचा फोटो काढायचा नाही, पण माझा कलशासह काढायला हरकत नाही. हे मंदिरात गेले होते. आर्जवने दाखवलं होतं तसं मी मोबाईल माझ्याकडे तोंड करून धरला आणि बटण दाबलं. जन्मात पहिल्यांदा.

फोटो बघितला.

पदर उजव्या खांद्यावर होता.

मी खाली बघितलं. पदर डाव्या खांद्यावर. नेहमीसारखा. पुन्हा फोटो, उजव्या. मागे दारावर 'जय जिनेंद्र'चा फलक आहे, तो मला वाचता येईना. कन्नडसारखा दिसत होता. वरच्या घड्याळात एक वाजून वीस मिनिटं. भिंतीवर बघितलं, दहा चाळीस.

आरशात दिसावं तसं सगळं उलटं. म्हणजे सात वीस म्हणजे काय, हे मी पाटावर बसून बोटांनी काढलं. चार चाळीस.

फोटो टाकला नाही. पुसून टाकला.

६ सप्टेंबर, शनिवार

ट्यूबलाईट लावली असेल तिने, आभाळ भरलं असेल. कराडला मंगळवारी पाऊस होता, बातम्यांत होतं. तेव्हाही होतं. मी बघितलं होतं.

आता काय करायचं? ग्रुपवर लिहायचं, मी चुकले? मग उद्या कोणी नियम मोडला की म्हणतील, तुम्हीच आधी नीट बघा. पाच वर्षांची शिस्त एका ओळीत जाईल. आणि काल आलेली मुलगी पुन्हा येईल, आणि या वेळी सगळ्यांची दया घेऊन येईल. तीनशे बदाम.

पर्व संपलं की हळूच परत घ्यावं. काही न लिहिता. कोणी विचारलं तर म्हणावं, समज देऊन सोडलं. हे जास्त बरं.

यांना काही सांगितलं नाही. यांनी विचारलं, "आहार झाला तरी तोंड का असं?" म्हटलं, पित्त.

७ सप्टेंबर, रविवार

जेवण गेलं नाही. श्रद्धाचे चार मेसेज उघडले.

पहिला: "काकू, सेल्फी उलटी पडते. आरशासारखी. कृपया एकदा स्वतः काढून बघा." दुसरा: घड्याळाचा नवा फोटो. तिसरा: "काकू, तुम्ही ग्रुपवर एक ओळ लिहा, सासूबाई तुमचंच ऐकतील." चौथा नंतरचा, शुक्रवारी पहाटे साडेपाचचा: "आज मी तयारीला नाही. तुमच्या दारात माताजी थांबाव्यात, असं मनापासून वाटतं."

या चौथ्याने मला जास्त राग आला. एवढं चांगलं कशाला असायचं माणसाने? दुसऱ्याला श्वास घ्यायलाही जागा ठेवत नाहीत अशी माणसं.

८ सप्टेंबर, सोमवार

क्षमावणी. वर्षभरात जाणता-अजाणता दुखावलेल्या प्रत्येकाची आज माफी मागायची. नियम नऊ माझाच: या दिवशी तयार मजकूर पुढे ढकलू नये, स्वतःच्या शब्दांत, नाव घेऊन लिहावं. सकाळपासून ग्रुपवर दोनशेच्या वर आले. मी सगळ्यांना उत्तरं दिली. माझी माफी लिहायला घेतली, "वर्षभरात कोणाचे मन दुखावले असल्यास", आणि थांबले. हा तर तयार मजकूरच झाला.

अकराला संयोगिता आली. पारणं कालच झालं होतं, चेहरा उतरला होता, तरी रिक्षा करून मिरजेहून आली. मोबाईल उघडून सगळं बघितलं होतं तिने. बसली, आणि म्हणाली, "गुणे, ते घड्याळ."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"शुक्रवारपासून."

तिने मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाली, "तीन ऑगस्टला तू माझे चिरोटे टाकलेस. मी काय केलं?"

"बदाम दिलास."

"व्हय. का दिला सांगू? तुला हवा होता म्हणून. मला काय कमी पडणार होतं? तुला त्या पोरीकडून काय कमी पडलं गं?"

मला रडू आलं. खरं सांगितलं तिला. म्हटलं, "मला जळफळाट होतो गं तिचा. पहिल्या कण्यांपासून. सकाळी उठून आधी तिचे बदाम बघते, मग देव. ती घड्याळात सापडली तेव्हा मला आनंद झाला, संयोगिता. रागाचं नुसतं नाव होतं. माफ कर मला." ३ तारखेला नंतर लिहीन म्हटलं होतं, ते हेच.

ती म्हणाली, "मग आता माझी कशाला माफी मागतेस? माझी नको मागू." उठली आणि माझ्या हातात मोबाईल दिला.

मी लिहिलं, तसंच इथे उतरवते. "मी गुणमाला चौगुले. श्रद्धा मगदूमचा फोटो समोरच्या कॅमेऱ्याचा होता, तो आरशासारखा उलटा पडतो. ताट चार चाळीसचं होतं. मला हे ५ तारखेला कळलं, मी तीन दिवस लपवलं. दोन ताकिदी न देता काढलं, हा माझा नियमभंग. तीन ऑगस्टचे चिरोटे संयोगिताचे होते, हा दुसरा. श्रद्धाचा मला मत्सर वाटत होता. श्रद्धा, क्षमा कर." आणि ग्रुप संयोगिताच्या हाती देऊन मी स्वतःला बाहेर काढलं. मोबाईलवर ओळ उमटली: तुम्ही बाहेर पडलात.

९ सप्टेंबर, मंगळवार

कराडला गेले. एसटीने, हे सोबत. म्हणाले, "मी बाहेर थांबतो, तुझं तू बोल." त्रिशलाक्काही तिथेच होत्या, सुनेला पोचवायला आलेल्या. मला बघून उठल्यासुद्धा नाहीत.

"आवं, मॅसेज वाचला तुमचा. पर पाच दिस हिला चुलीपाशी येऊ दिलं न्हाई म्या. तुमच्या शब्दावर. ते कोन परत देनार?"

"नाही देता येणार, अक्का."

"म्या बी हिचं ऐकलं न्हाई," त्या म्हणाल्या, आणि पदराने तोंड पुसलं. "त्ये बी कोन देनार?"

श्रद्धा पाणी घेऊन आली. डोळे सुजलेले. मी उठून हात जोडले. तिने मला खाली बसवलं आणि म्हणाली, "काकू, मला लय राग आलाय तुमचा. आज नाही जाणार तो. पण बसा, खाऊन जा." एवढंच. मी त्या वाक्यासाठी तिची ऋणी आहे. क्षमा केली म्हणाली असती तर मला पटलं नसतं.

समोर भिंतीवर ते घड्याळ होतं. शेजारी कॅलेंडर, स्वच्छ मराठीत, आमच्याच सांगलीच्या दुकानाचं.

तिने यांनाही आत बोलावलं आणि कण्या वाढल्या. हे दोनदा मागून जेवले. चांगल्या झाल्या होत्या. फार चांगल्या. मी पुन्हा मनात तिचे बदाम मोजायला लागले. कळलं, हे इतक्यात जायचं नाही.

निघताना म्हटलं, "एकवीस तारखेला यादीत माझं नाव आहे. ते तुझं. त्रिशलाक्का, तुम्ही दोघी उभ्या राहा, आमच्या घरी. मी तयारीला मागे असेन."

श्रद्धाने सासूकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं."

१६ सप्टेंबर, मंगळवार

संयोगिताने ग्रुपवर पुन्हा घेतलं. दोन शिफारशी लागतातच. दुसरी कोणाची, हे तिने सांगितलं नाही. यादीत बघितलं तर श्रद्धा आता ॲडमिन आहे. संयोगिताने केलं. मी साधी सभासद. हे बरोबर आहे, असं दिवसातून तीनदा स्वतःला सांगते.

श्रद्धाचा परत आल्यावरचा पहिला फोटो: ताट, शेजारी मनगटावरचं घड्याळ. खाली, "मागच्या कॅमेऱ्याने काढलाय." दोनशे तीन बदाम. माझाही एक. द्यायला अर्धा तास लागला.

२१ सप्टेंबर, रविवार

पहाटे चारपासून तयारी. श्रद्धा आणि त्रिशलाक्का काल रात्रीच मुक्कामाला आल्या होत्या. पीठ मी चाळलं, पाणी मी गाळलं. सूर्य उगवल्यावर शिजवलं श्रद्धाने. साडेनऊला दारात उभ्या राहिलो. पुढे श्रद्धा, हातात कलश. बाजूला तिची सासू. मी मागे, पाण्याचा तांब्या घेऊन.

माताजी मंदिरातून निघाल्या. सहा दारं. एक मागे पडलं, दुसरं मागे पडलं. श्रद्धाचा आवाज फुटेना, त्रिशलाक्कांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, मग निघाला. "अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ." आणि माताजी थांबल्या. पहिल्याच वेळी! मला चौथ्यांदा, आणि तेही हिची जागा घेऊन, आणि हिला पहिल्याच वेळी.  खरं लिहिते, मला वाटलं, पुढे का नाही गेल्या.

आत आल्या. माताजी पाटाजवळ उभ्या राहिल्या. एकेकीने म्हणायचं होतं. त्रिशलाक्कांनी म्हटलं. श्रद्धाने म्हटलं, "मन शुद्ध, वचन शुद्ध, काय शुद्ध," हळू, एकेक शब्द बघून, वाटेत खड्डा असावा तसं. मग माझी पाळी. माताजींनी माझ्याकडे पाहिलं. पंधरा दिवसांपूर्वी याच जागी मी एका दमात म्हटलं होतं.

तोंड उघडलं. पहिला शब्द आला नाही. मन शुद्ध नव्हतं.

मी तांब्या श्रद्धाच्या हातात दिला आणि मागे भिंतीपाशी जाऊन उभी राहिले.  माताजी बसल्या. श्रद्धाने त्यांच्या ओंजळीवर तांब्या वाकवला. हात कापत होता तिचा, पण एक थेंब बाहेर सांडला नाही. पदर डाव्या खांद्यावर होता, घट्ट खोचलेला.